दुसऱ्या शाखेचा विषय

परवा फोनवर तू म्हणालीस, "आजी, मी कॉम्प्युटर शिकायला आलेय. मला जुनी नाटकं आणि इतिहास कशाला हवाय?" मग हसत सांगितलंस की तुमच्या विद्यापीठात हे सक्तीचे विषय सगळ्यांनाच घ्यावे लागतात. त्यातला सोपा कोणता आणि कोणते प्राध्यापक हजेरी घेत नाहीत, याची मुलांनीच एक यादी केली आहे, आणि तूही त्या यादीतूनच विषय उचलणार आहेस. मागून तुझा भाऊ काहीतरी बोलला आणि तुम्ही दोघं हसलात. मी "बरं" म्हटलं, जेवणाची चौकशी केली आणि फोन ठेवला.

त्यानंतर दुपारभर मला कशातच रस वाटेना. तुझा राग आला नव्हता. गेल्या दोन वर्षांत इथे जे पाहिलं, आणि जे मी स्वतः केलं, ते सगळं पुन्हा आठवत राहिलं. ते मला तुम्हा दोघांना फोनवर सांगता आलं नसतं, कारण फोनवर मी मध्येच चिडते आणि तुम्ही विषय बदलता. म्हणून लिहिते आहे. सवयीप्रमाणे सुरुवातीपासून लिहिते.

माझे वडील शहराच्या सदर भागातल्या एका कार्यालयात टायपिस्ट होते. छप्पन साली आमच्या घराने धम्म स्वीकारला तेव्हा मी तान्ही होते. वडिलांनी त्या वेळी घराबद्दल जे काही ठरवलं, त्यात एक गोष्ट शिक्षणाची होती. ते म्हणत, "एकच काम येते त्या माणसाले लोक त्याच कामाले बांधून ठेवते." आमच्या मागच्या पिढ्यांना असंच बांधून ठेवलं होतं, त्यामुळे हे वाक्य त्यांना कोणाकडून शिकावं लागलं नाही. मला त्यांनी इंग्रजी शाळेत घातलं, माझा भाऊ विज्ञानाकडे गेला. दर रविवारी सकाळी भावाने मला इतिहासाचा एक धडा समजावून सांगायचा आणि मी त्याला कुकरची शिट्टी का होते ते सांगायचं, असा आमच्या घरचा नियम होता. भाऊ कुरकुरायचा. वडील म्हणायचे, "काहून नाही येत तुले? ती पोरगी वाफेवर बोलून राहिली, तू राजावर नाही बोलू शकत?"

पुढे मी तेहेतीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं. त्यातली निम्मी वर्षं विज्ञान आणि वाणिज्य शाखेच्या मुलांना. त्यांच्यासाठी ते सक्तीचं होतं आणि त्यांना ते मुळीच नको होतं. मला मात्र ते तास आवडत. आपल्या शाखेबाहेरचं जग त्यांना माझ्या तासालाच काय ते दिसायचं. म्हणून निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी नवीन नियम आला की प्रत्येक विद्यार्थ्याने दुसऱ्या शाखेचा एक विषय शिकलाच पाहिजे, दोन क्रेडिटांचा का होईना, त्याशिवाय पदवी नाही, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. वडील असते तर त्यांनी पेपरातलं ते कात्रण कापून ठेवलं असतं.

त्याच वर्षी आमच्या कॉलेजचे प्राचार्य माझ्या प्रताप नगरच्या घरी आले. ते माझेच विद्यार्थी. सोफ्याच्या अगदी कडेला बसून म्हणाले, "मॅडम, विज्ञान आणि वाणिज्यच्या पोरांसाठी आपण एक विषय ठेवतोय. वाचन आणि विचार. तुमच्याशिवाय कोणी शिकवू शकत नाही." मी विचारलं, "अभ्यासक्रम कोणी केला?" ते म्हणाले, "तुम्हीच करायचा." मला ते फार मोकळेपणाचं वाटलं. ज्या विषयाचा अभ्यासक्रम कोणीच मागत नाही तो विषय मुळात आहे का, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

कॉलेज बाहेरून बरंच सुधारलं होतं. दर्शनी भिंतीवर नवा रंग, फाटकावर मोठा फलक. जिन्याचे कोपरे मात्र तसेच होते. खर्रा खाऊन थुंकलेल्या लाल पिचकाऱ्या, जुन्यांवर नव्या, आणि त्यांच्या बरोबर वर स्वच्छतेची शपथ लावलेली. मी साडी सावरून भिंतीपासून हातभर दूर चालत असे. तिसऱ्या मजल्यावरची खोली मला दिली होती. यादीत एकशे वीस नावं होती. पहिल्या दिवशी अकरा जण आले. दुसऱ्या आठवड्यात सात. एका वाणिज्यच्या मुलाने प्रामाणिकपणे सांगितलं की या मजल्यावर चालू कूलर याच खोलीत आहे, म्हणून तो येतो. कूलर बिघडला तेव्हा तो यायचा बंद झाला.

जे उरले त्यांच्यात एक मुलगी होती, विज्ञानाच्या शेवटच्या वर्षाची. रोज उमरेडहून एसटीने यायची. घर कोष्ट्यांचं. आजोबा हातमागावर करवती काठाच्या साड्या विणायचे, आता विणत नाहीत. वडील एका गोदामात कामाला. तिला पुढे रसायनशास्त्रात एम.एस्सी. करायचं होतं, आणि ते ती असं सांगायची की जणू गाडी कोणत्या फलाटावर लागते ते सांगते आहे. त्यात स्वप्न वगैरे काही नव्हतं. घरातली पहिलीच पदवी असणार होती तिची.

मी त्यांना कथा-कविता देत नसे. औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठी, पाणी येणार नाही म्हणून लावलेली नोटीस, एकाच घटनेची दोन वर्तमानपत्रांतली बातमी, असं काहीबाही आणून आम्ही ते वाचत असू. कोण बोलतंय, कोणाशी, आणि काय गाळलंय, हे तीन प्रश्न फळ्यावर लिहिलेले असायचे. एकदा रस्त्याच्या बातमीवर ही मुलगी म्हणाली, "मॅडम, दोन्ही पेपरात 'रस्ता झाला' असंच हाय. कोनी केला ते दोघंबी सांगत नाई. रस्ता काय आपोआप उगवते?" मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "उगवते ना. निवडणूक आली का उगवते." सगळे हसले, मीही हसले. घरी येताना वाटलं होतं की याच्यासाठीच तर हा विषय असतो.

एक दिवस तासाच्या मध्येच प्राचार्य आले, मागे फोटोग्राफर. कॉलेजच्या मूल्यांकनासाठी समिती येणार होती. मैदानावर खेळणारी तीस-चाळीस मुलं आत आणून बाकांवर बसवली. काहींच्या हातात अजून बॅट होती, ती बाकाखाली ठेवायला सांगितली. फळ्यावरचे माझे तीन प्रश्न पुसून कोणीतरी सुवाच्य अक्षरात 'बहुविद्याशाखीय शिक्षण' असं लिहिलं. फोटोग्राफर मला म्हणाला, "मॅडम, खडू थोडा वर धरा. हां, आणि पोरांकडे पाहा, शिकवून राहिल्यासारखं." मी धरला. तीस वर्षं खडू धरलेल्या बाईने दुसऱ्याच्या सांगण्यावरून खडू धरला आणि शिकवल्यासारखं केलं. दहा मिनिटांत मुलं निघून गेली. घामाचा आणि खर्ऱ्याचा वास खोलीत राहिला. मी घरी येऊन दोनदा हात धुतले.

सत्र संपत आलं तेव्हा प्रत्येकाने एक लेख लिहून द्यायचा होता. तोंडी परीक्षा नाही, पाठांतर नाही. आपल्या घरातलं एक काम घ्या आणि ज्याला त्यातलं काहीच माहीत नाही अशा माणसाला ते कळेल असं लिहा, एवढंच मी सांगितलं. कॉलेजच्या समोर झेरॉक्सचं एक दुकान आहे. तिथे सगळ्या विषयांच्या तयार फाइली मिळतात. नुसतं नाव घालायचं. मी वर्गात बजावून सांगितलं की त्या दुकानातली फाइल माझ्या टेबलावर आली तर मी ती परत त्या दुकानात नेऊन देईन.

दोन दिवसांनी ही मुलगी तासानंतर थांबली. म्हणाली, "मॅडम, एक इचारू? झेरॉक्सवाला म्हणते का आमचा विषय हा नाईच. गृहव्यवस्थापन हाय म्हणते. पोरं त्याचीच फाइल घेऊन राहिले."

मी म्हटलं, "कॉलेज कोण चालवतं? प्राचार्य की झेरॉक्सवाला?"

ती म्हणाली, "तसं नाई मॅडम, पन त्याले माहीत राह्यते."

"तू तुझा लेख लिही."

ती "हो मॅडम" म्हणाली आणि गेली. हे बोलणं मी इथे मुद्दाम पूर्ण लिहिलं आहे. पुढे जे झालं ते माझ्या या दोन वाक्यांमुळे झालं. मी खाली कार्यालयात जाऊन एक प्रश्न विचारायला हवा होता, तेवढंच. पण इंग्रजी शिकलेल्या, नीटनेटका हजेरीपट ठेवणाऱ्या बाईला झेरॉक्सवाल्याचं ऐकून चौकशी करायला जाणं कमीपणाचं वाटलं.

चार लेख आले. तिने आजोबांच्या मागावर लिहिलं होतं. साडीचा काठ करवतीच्या दात्यांसारखा येण्यासाठी आडवा धागा नेणारे तीन धोटे कसे फिरतात, काठाचा रंग मधल्या अंगात का घुसत नाही, शंभरच्या पुढचे आकडे लिहिता न येणारा म्हातारा माणूस धागे कसे मोजतो आणि चुकत कसा नाही. शेवटी तिने लिहिलं होतं की ती रसायनशास्त्र शिकते, पण पक्का रंग म्हणजे काय हे तिने आजोबांना आजवर कधी विचारलं नव्हतं. या लेखासाठी पहिल्यांदा विचारलं. ते आधी हसले आणि मग दोन तास बोलत राहिले. दोन परिच्छेद विस्कळीत होते. मी पन्नासपैकी अडतीस गुण दिले आणि समासात कारणं लिहिली. गुणांची यादी पाकिटात घालून कार्यालयात दिली. तिथल्या मोठ्या बाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी, ती न उघडता ड्रॉवरमध्ये टाकली.

निकाल उन्हाळ्यात लागला. सकाळी दहाच्या सुमारास तिचा फोन आला. आवाज अगदी सरळ होता. "मॅडम, माहा रिझल्ट अडकला. बाकी सगळे पेपर निघाले, पास हाय मी. दुसऱ्या शाखेच्या विषयात गैरहजर दाखवलं. एम.एस्सी.ची सीट भेटली हाय मले, होस्टेलबी भेटलं. शुक्रवारपर्यंत मार्कलिस्ट द्या लागते. नाई तं सीट जाते."

त्या दिवशी सोमवार होता. मी रिक्षा करून कॉलेजात गेले. ती माझ्या आधीच पोचली होती, कार्यालयाच्या दाराशी बाकावर बसली होती.

मोठ्या बाबूंनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. विज्ञान शाखेच्या सगळ्या मुलांसमोर एकच विषय होता, गृहव्यवस्थापन. सगळ्यांना सेहेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस. तिच्या नावापुढे गैरहजर. माझ्या वर्गातल्या विज्ञानाच्या दुसऱ्या एका मुलाला मात्र सत्तेचाळीस होते. त्याने मला लेखही दिला होता आणि दुकानातली फाइलही.

"माझा विषय कुठे आहे?" मी विचारलं.

"तुमचा विषय नाही ना मॅडम."

"सहा महिने मी काय शिकवलं मग?"

ते सज्जन माणूस आहेत, त्यांनी अहवाल काढून दाखवला. त्यात माझा खडू धरलेला फोटो होता. खाली लिहिलं होतं: अतिथी व्याख्यानमाला. "विद्यापीठाचा कोड नाही तर विषय नाही, मॅडम. फॉर्म भरताना एकेका पोराला कोण विचारत बसणार. आम्ही सगळ्यांचा एकदमच भरला. गृहव्यवस्थापनवाल्या मॅडमचे तास कमी पडून राहिले होते. त्यांची पोस्ट गेली असती."

आणि तसंच होतं. त्या मॅडमकडे त्यांच्या स्वतःच्या शाखेच्या मुली फारशा येत नव्हत्या. विज्ञानाची सगळी मुलं त्यांच्या नावावर दाखवली की त्यांचे तास भरले, नोकरी टिकली. वर्ग झालेच नाहीत. फाइली दुकानातून आल्या, गुण पडले. वाणिज्यच्या मुलांना कोणा तिसऱ्याच्याच नावावर टाकलं होतं. दुसऱ्या शाखेचा विषय शिकून माणसाची नजर रुंदावावी म्हणून केलेला नियम, आणि त्याचा उपयोग एवढाच की कोणाचे तास कमी पडतात ते या मुलांच्या डोक्यांनी भरून काढायचं. समोर चहाचा कप होता, त्याच्या कडेला आधीच्या कोणाच्या तरी ओठांचा डाग होता, आणि तो तसाच माझ्यापुढे सरकवला होता. मी त्याच्याकडे बघत राहिले.

प्राचार्यांनी दोघींना आत बोलावलं. ते अस्वस्थ होते पण घाबरलेले नव्हते. असल्या गोष्टी त्यांना रोजच्या होत्या. "मॅडम, यात अवघड काही नाही. पोरीने फाइल जमा करायची. नजरचुकीने गैरहजर लागलं असं पत्र आपण विद्यापीठात पाठवतो. दोन दिवसांत दुरुस्ती होते. फक्त पत्रावर विषय शिकवणाऱ्याची सही लागते. गृहव्यवस्थापनवाल्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर माहेरी आहेत. तुमचं नाव आमच्या अतिथी प्राध्यापकांच्या यादीत आहे, तुम्ही केली तरी चालते."

मजकूर तयारच होता. सदर विद्यार्थिनीने गृहव्यवस्थापन या विषयाचे सर्व तास पूर्ण केले असून तिची फाइल मी स्वतः तपासली आहे. 

मी म्हटलं, "मी आयुष्यात खोट्या कागदावर सही केलेली नाही."

प्राचार्य म्हणाले, "खोटं कुठे आहे मॅडम. तास तर ती बसलीच ना. विषयाचं नाव तेवढं वेगळं."

मी मुलीला घेऊन बाहेर आले. व्हरांड्यात तिला म्हटलं, "तू अर्ज कर. हजेरीपट माझ्याकडे आहे, तुझा लेख आहे, मी सोबत सही करते. हे सगळं बाहेर यायला पाहिजे."

"मंग काय होईन?"

"चौकशी होईल."

"शुक्रवारपर्यंत?"

मी पिशवीतून हजेरीपट काढू लागले.

ती म्हणाली, "मॅडम, तुमाले राग आला, तो बरोबर हाय. मलेबी आला. पन चौकशी झाली तं तुमच्या मनाले बरं वाटन. सीट तं माहीच जाईन ना." तिने ओढणीने कपाळ पुसलं. "मी फाइल आणते समोरून. तुमी सही करा. माह्यासाठी करा."

तिने हे म्हटलं नाही की तुमचं ऐकलं म्हणून माझ्यावर ही वेळ आली. एकदाही नाही. म्हटलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं.

तरीही मी लगेच कबूल झाले नाही. रिक्षाने विद्यापीठाच्या कार्यालयात गेले, रांगेत उभी राहिले. खिडकीमागच्या माणसाने शांतपणे ऐकलं आणि सांगितलं की कॉलेजने पाठवलेल्या यादीत जो विषय आहे त्याचेच गुण ते घेऊ शकतात. दुरुस्ती हवी तर कॉलेजचं पत्र आणा. त्याचं काहीच चुकत नव्हतं. ज्या पत्रापासून मी पळाले होते तेच पत्र तो मागत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी कॉलेजच्या वाचनालयात समोरासमोर बसलो. तयार फाइल जशीच्या तशी द्यायला मी नाही म्हटलं. निदान ती तिने स्वतःच्या हाताने लिहावी, एवढी अट मी घातली. आता वाटतं, ती अटसुद्धा माझ्या स्वतःच्या समाधानासाठीच होती. तिने तक्रार न करता लिहायला घेतलं. आदर्श स्वयंपाकघर. चूल, पाण्याची जागा आणि फ्रिज यांचा त्रिकोण. मासिकातून कापलेलं फ्रिजचं चित्र डिंकाने चिकटवायचं. वाचनालयात दोनच पंखे चालू होते. आजूबाजूला मुलं मोबाइलवर होती, पुस्तक एकाच्याही हातात नव्हतं.

मध्येच ती हळूच म्हणाली, "मॅडम, हे लिवणाऱ्यानं सगळ्यांच्या घरी फ्रिज धरला हाय."

"आणि?"

"आमच्या घरी त्रिकोण कुठं बसते? चूल, माठ अन् आज्याचा माग, सगळं एका लाइनीत हाय. माग काढला तर त्रिकोण होईन. पन आजा काढू देत नाई." आणि ती पुन्हा खाली मान घालून उतरवू लागली.

आमच्या वर्गात आम्ही जे शिकलो ते ती त्या फाइलवरच वापरत होती, आणि त्याच वेळी तीच फाइल उतरवून काढत होती. हे पाहून मला जे वाटलं त्याला आनंद म्हणता येणार नाही. मला उठून जावंसं वाटत होतं. मी बसून राहिले आणि तिचं पान संपलं की दुसरं पुढे सरकवत होते.

दुपारी पत्रावर सही केली. माझी सही लांब आहे, तुम्हाला माहीत आहे. पूर्ण नाव, पदवी, खाली तारीख. प्राचार्यांनी गुणांची जागा रिकामी ठेवली होती. मी म्हटलं, अडतीस लिहा, मी तिला तेवढे दिले होते. ते म्हणाले, "मॅडम, सगळ्यांना सेहेचाळीसच्या वर आहेत. हिलाच अडतीस दिसले तर वर कोणीतरी विचारेल." त्यांनी सत्तेचाळीस लिहिले. म्हणजे मी जे एकच खरं काम केलं होतं, तिचा लेख वाचून, दोन विस्कळीत परिच्छेद लक्षात घेऊन दिलेला तो आकडा, तोही त्या कागदावर राहिला नाही. मुलगी माझ्याकडे पाहत होती. मी मान हलवली. शिपायाने शिक्का मारला.

गुरुवारी दुरुस्त मार्कलिस्ट आली. शुक्रवारी तिला प्रवेश मिळाला. तिचे वडील तिला सोडायला गेले होते, त्यांनी माझ्याशी फोनवर बोलायचा आग्रह धरला आणि बराच वेळ आभार मानले. त्यांच्या मनात मी मुलीचं वर्ष वाचवणारी बाई होते.

प्राचार्यांनी या वर्षी पुन्हा बोलावलं. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "मॅडम, यंदा कोड घेऊ." मी तरी नाही म्हटलं. कोड मिळाला तर तो कोणाच्या तरी कमी पडणाऱ्या तासांसाठीच मिळेल, एवढं मला आता कळतं. कधी कधी वाटतं, हा माझा नकारही हात धुण्याचाच प्रकार आहे. त्या तिसऱ्या मजल्यावर यंदाही सात-आठ जण कूलरसाठी का होईना आले असते.

तुझा फोन झाल्यावर दोन दिवसांनी मी त्या मुलीला फोन केला. ती होस्टेलच्या गॅलरीत होती, मागे बादल्यांचा आणि मुलींच्या बोलण्याचा आवाज येत होता. अभ्यास, जेवण, प्रयोगशाळा सगळं विचारून झालं. ती आपणहून म्हणाली, "मॅडम, इथंबी एक विषय दुसऱ्या शाखेचा घ्या लागते."

मी विचारलं, "निवडलास?"

"निवडाचा कुठं? भरूनच येते. पन मी पयल्याच दिवशी खिडकीवर जाऊन कोड लिवून आणला. बाकीच्या पोरी हसत होत्या माह्यावर."

"कोणता आहे?"

"व्यक्तिमत्त्व विकास."

"आणि तुला कोणता घ्यायचा होता?"

मागे कोणीतरी नळ बंद करायला ओरडत होतं. मग ती म्हणाली, "इतिहास. आमचे कोष्टी लोक उमरेडले कधी आले, कुठून आले, मागावर काहून बसले, ते मले पाह्याचं होतं. आज्याले इचारलं तं तो म्हणते, माह्या आज्याले इचार. पन इतिहास इथं ठेवलाच नाई."

मी म्हटलं, "माझ्याकडे दोन-तीन पुस्तकं आहेत. पोस्टाने पाठवते."

"पाठवा ना मॅडम," ती म्हणाली. "पन परीक्षा झाल्यावर पाठवा. आता या व्यक्तिमत्त्व विकासाची फाइल उतरवाची हाय."